दृश्यरूपकातून चित्र कसे वाढवावे? विषय : अफवा

कोरा_कागद

नमस्कार. मी इलस्ट्रेशनच्या वर्गात शिकते आहे. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने एका अमूर्त विषयावर एकच चित्र करायचे आहे. विषय थेट दाखवायचा नाही, तो दृश्यरूपकातून पोहोचला पाहिजे, आणि चित्र घडत कसे गेले हे दाखवणारी कच्ची रेखाटनेही सोबत द्यायची आहेत. माझ्या वाट्याला 'अफवा' हा विषय आला आहे.

सध्याचे चित्र असे आहे : एका माणसाच्या तोंडातून वेल निघते, शेजारच्याच्या कानात शिरते, त्याच्या तोंडातून पुन्हा बाहेर पडते आणि अशी पाच-सहा माणसांमधून पुढे जाते. रेखाटन नीट उतरले आहे आणि वेलीची वळणेही मला आवडली आहेत. परंतु ज्यांना ते दाखवले त्यांच्यापैकी काहींना त्यात गाणे दिसले, काहींना मैत्री, आणि एका मैत्रिणीने 'ज्ञानाचा प्रसार' असे उत्तर दिले. अफवा कोणालाच दिसली नाही. पानांऐवजी काटे काढावेत, रंग काळपट करावेत, की वेल सोडून आगीकडे वळावे, हे ठरत नाही. रूपक सुचल्यापासून त्याचे चित्र होईपर्यंत मधले काम नेमके कोणते असते, हे मला समजून घ्यायचे आहे.

छायाप्रकाश

काटे काढू नका. काट्यांमुळे 'हे काहीतरी वाईट आहे' एवढेच कळेल. त्यात वाईट काय आहे, ते कळणार नाही.

अर्धवर्तुळ

छायाप्रकाश यांचे म्हणणे पटते. त्याला जोडून, शाळेत शिकलेल्या अलंकारांची इथे मदत घ्यावी असे मी सुचवेन. उपमेय, उपमान आणि दोघांना जोडणारा साधारण धर्म, या तीन गोष्टी आपण कवितेच्या ओळींत शोधत असू. तुमच्या चित्रात अफवा हे उपमेय आहे आणि वेल हे उपमान आहे, पण साधारण धर्म कोणता? आत्ताच्या रेखाटनात तो 'एकाकडून दुसऱ्याकडे पसरणे' असा दिसतो. पसरणे हा तर गाण्याचाही धर्म आहे, मैत्रीचाही आणि ज्ञानाचाही. तेव्हा पाहणाऱ्यांनी दिलेली तिन्ही उत्तरे तुमच्या चित्राशी प्रामाणिक आहेत.

रूपक हे भाषेवरचे नक्षीकाम नसून विचार करण्याचीच रीत आहे, अशी मांडणी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये केली. प्रत्येक रूपक विषयाची एखादी बाजू उजळते आणि बाकीच्या झाकते, हा त्यांचा मुद्दा चित्रकारासाठी फार उपयोगाचा आहे. आग घेतली तर वेग आणि नाश उजळतात, सांगणारा माणूस मात्र झाकला जातो, कारण आगीला कोणी सांगावे लागत नाही. प्रतिध्वनी घेतला तर पुनरुक्ती दिसते, पण प्रतिध्वनी हळूहळू विरतो आणि अफवा वाढते, म्हणजे ऐन मुद्द्यावर रूपक उलटते. काय उजळायचे हे ठरल्याशिवाय आग बरी की वेल बरी, या प्रश्नाला उत्तर नाही.

म्हणून आधी एका कागदावर अशी वाक्ये लिहा, जी अफवेबाबत खरी आहेत पण बातमी, गाणे किंवा ज्ञान यांच्याबाबत खरी नाहीत. ती इथे दिलीत तर पुढे बोलता येईल.

कोरा_कागद

लिहून पाहिले. अफवेचा उगम कोणालाच सापडत नाही. सांगणाऱ्या प्रत्येकाला वाटते की आपण फक्त ऐकलेले पुढे दिले, आपला त्यात काही हात नाही. ती प्रत्येक तोंडी थोडी बदलते. खोटी ठरवली तरी तिचा एखादा तुकडा उरतो आणि तिथून ती पुन्हा सुरू होते. तिला स्वतःचा पुरावा नसतो. सांगणाऱ्यावरच्या विश्वासावर ती जगते आणि शेवटी तोच विश्वास खाऊन टाकते.

यातले पहिले आणि शेवटचे वाक्य मला सगळ्यांत जवळचे वाटते. मूळ नाही, आणि जगते ती माणसांच्या जिवावर.

शाईदौत

मला या पद्धतीविषयी शंका आहे आणि ती स्पष्टपणे मांडतो. वाक्यांच्या याद्या करून सुरुवात केली की चित्र त्या वाक्यांचे भाषांतर होऊन बसते. मग पाहणारा चित्रातले कोडे सोडवतो, उत्तर मिळाले की पुढे निघून जातो. चांगले दृश्यरूपक डोळ्यांना आधी सुचते. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचे आसन आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. जुन्या सामानाच्या ढिगात त्या दोन वस्तू एकत्र दिसल्या आणि विचार करण्याआधीच डोके तयार झाले, असे त्यानेच सांगितले आहे. आसनाचा निमुळता आकार आणि हँडलची वळलेली टोके यांत बैल आधीच होता. कोणत्याही वाक्यातून तो निघाला नसता.

माझा सल्ला असा की यादी बाजूला ठेवा, स्केचबुक घ्या आणि खऱ्या वेली समोर बसून काढा. तुमची वेल मनातल्या मनात काढलेली आहे, म्हणून ती कोणत्याही वेलीसारखी दिसते आणि म्हणूनच तिचा कोणताही अर्थ लागतो.

तिसरी_मिती

शाईदौत, तुमचे शेवटचे वाक्य मला पूर्ण पटले, पहिले पटले नाही. पिकासोला कोणी 'बैल' हा विषय नेमून दिलेला नव्हता. त्याच्या हाती वस्तू आधी आल्या आणि अर्थ नंतर. वर्गात विषय आधी येतो आणि वस्तू शोधायची असते. इलस्ट्रेशन या कामाचा धर्मच तो आहे, कारण लेख, पुस्तक किंवा भित्तिपत्रक यांचा विषय चित्रकाराच्या आधी ठरलेला असतो.

असा ठरलेला विषय किती थोडक्यात पेलता येतो याचे माझे आवडते उदाहरण म्हणजे जपानी ग्राफिक डिझायनर शिगेओ फुकुदा यांचे १९७५ चे युद्धविरोधी भित्तिपत्रक. दुसरे महायुद्ध संपल्याला तीस वर्षे झाली त्या निमित्ताने ते केलेले आहे. पिवळ्या पृष्ठभूमीवर तोफेची काळी नळी तिरकी येते आणि तोफगोळ्याचे टोक नळीच्याच तोंडाकडे वळलेले आहे. बस, एवढेच. रडणारी मुले नाहीत, पडकी घरे नाहीत. एक दिशा उलटी केली आणि शस्त्र चालवणाऱ्यावरच उलटते हे पूर्ण विधान उभे राहिले.

म्हणून कोरा_कागद, वेलीवर काय चिकटवता येईल याचा विचार करण्याऐवजी वेलीतली कोणती एकच गोष्ट बदलली की ती गोड वाटेनाशी होईल, याचा विचार करा. तुमच्या यादीत 'मूळ नाही' असे शब्द आहेत. मूळ नसलेली वेल कशी दिसेल?

रानवाट

मी चित्रकार नाही, वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा धागा आतापर्यंत नुसता वाचत होतो. पण 'मूळ नसलेली वेल' हे शब्द वाचून राहवले नाही, कारण अशी वेल खरोखरच आहे. अमरवेल.

तिचे बी मातीत रुजते, त्याला सुताएवढा बारीक कोंब फुटतो आणि तो आधार शोधत हवेत फिरतो. जवळ यजमान झाड सापडले नाही तर थोड्याच दिवसांत कोंब मरतो, कारण बियाण्यातला साठा संपलेला असतो. झाड सापडले की कोंब त्याच्या खोडाभोवती वेढे घेतो, खोडात घुसतो आणि त्यानंतर त्याचे मातीतले मूळ वाळून जाते. पूर्ण वाढलेल्या अमरवेलीचा जमिनीशी काही संबंध उरत नाही. पाने नावापुरती, बारीक खवल्यांसारखी. हरितद्रव्य जवळजवळ नसल्याने तिचा रंग पिवळा किंवा केशरी, आणि सगळे अन्नपाणी यजमानाकडून. एका झाडावरून ती शेजारच्या झाडावर जाते, त्यामुळे एकच वेल अनेक झाडांना जोडून ठेवते आणि एका झाडातला विषाणू तिच्यामार्फत दुसऱ्या झाडात पोहोचू शकतो. तोडून टाकली तरी वेढ्यात राहिलेला तुकडा पुन्हा वाढतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या विषयाला शोभेल. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की अमरवेलीच्या एका जातीचा कोंब टोमॅटोच्या रोपाने हवेत सोडलेल्या गंधद्रव्यांच्या दिशेने वाढतो, आणि गहू व टोमॅटो दोन्ही जवळ असतील तर टोमॅटोकडे अधिक वळतो. आपल्याला कोणावर पोसता येईल हे तिला जणू आधीच कळते.

कोरा_कागद

रानवाट, तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही. माझ्या यादीतली जवळजवळ सगळी वाक्ये एकाच वनस्पतीत सापडतील असे मला वाटले नव्हते. शाईदौत यांनी सांगितले तसे समोर बसूनही काढायला घेतली आहे. कुंपणाच्या एका झुडपावर ती आहे. दुरून पिवळे जाळे टाकल्यासारखे दिसते आणि टोक कुठे, सुरुवात कुठे, हे डोळ्यांनी शोधून सापडत नाही. रेषा काढतानाही तसेच होते. कागदावर पेन कुठून ठेवावे हेच कळत नाही.

आता प्रश्न रचनेचा आहे. माणसे आणि झाडे शेजारी शेजारी ठेवावीत, माणसांवरच वेल चढवावी, की माणसे काढून टाकून फक्त वेलीने भरलेले झाड दाखवावे?

अर्धवर्तुळ

हे तीन पर्याय तुम्ही सहज लिहिलेत, पण दृश्यरूपकाच्या मांडणीचे तीन मुख्य प्रकार नेमके हेच आहेत. जाहिरातींमधल्या चित्रांचा अभ्यास करताना बार्बरा फिलिप्स आणि एडवर्ड मॅक्वारी यांनी २००४ मध्ये अशीच विभागणी केली : दोन गोष्टी शेजारी ठेवणे, दोन्हींचे एकीकरण करणे, आणि एकीच्या जागी दुसरी ठेवून पहिली नजरेआड करणे. आपल्या अलंकारांच्या भाषेत पहिली उपमेच्या जवळची, दुसरी रूपकाच्या जवळची, आणि तिसरी अतिशयोक्तीच्या त्या प्रकारासारखी, ज्यात उपमान उपमेयाला गिळून टाकते आणि वाचकाने गिळलेले ओळखायचे असते.

शेजारी ठेवण्यात पाहणाऱ्याला काम कमी पडते, पण चित्र पाठ्यपुस्तकातल्या तुलनेसारखे होण्याचा धोका असतो. गिळून टाकण्याचा प्रकार सर्वांत धाडसी. तो चालण्यासाठी विषय कुठूनतरी कळावा लागतो, लेखाच्या मथळ्यातून किंवा प्रसंगातून. फक्त अमरवेलीने ग्रासलेले झाड भिंतीवर लावले तर ते वनस्पतींचे चित्र होईल. तुमच्यासाठी मधला मार्ग योग्य आहे.

एकीकरण किती नेमके असावे ते जर्मन कलावंत जॉन हार्टफील्ड यांच्या १९३२ च्या फोटोमोंताजमध्ये (छायाचित्रांचे तुकडे जोडून केलेल्या चित्रात) पाहण्यासारखे आहे. भाषण करणाऱ्या हिटलरच्या छातीचे क्ष-किरण चित्र आहे आणि पाठीच्या कण्याच्या जागी नाण्यांची चळत आहे. मणक्यांची रांग आणि नाण्यांची चळत यांचा आकार जुळतो, म्हणून डोळा फसतो; पैशाच्या आधारावर उभा असलेला माणूस हा अर्थ जुळतो, म्हणून मन थांबते. आकाराचे साम्य प्रेक्षकाला चित्रात आणते आणि धर्माचे साम्य त्याला तिथे थांबवते. दोन्हींपैकी एकच असेल तर चित्र अर्धे राहते. शाईदौत आकाराच्या बाजूने बोलत होते आणि मी धर्माच्या, असे आता मला वाटते.

निळीशाई

फक्त आकाराच्या साम्यावर उभे असलेले रूपकही किती दूर जाऊ शकते याचे एक उदाहरण या निमित्ताने सांगावेसे वाटते. १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये शार्ल फिलिपाँ या फ्रेंच संपादक-चित्रकारावर राजा लुई फिलिपचा अपमान केल्याबद्दल खटला चालला. बचावासाठी त्याने चार चेहरे रेखाटले. पहिला राजाचा, दुसरा जरा ढोबळ, तिसरा आणखी फुगीर, आणि चौथा म्हणजे निव्वळ एक नासपती, वर निमुळते आणि खाली सुटलेल्या गालांइतके रुंद. पहिले चित्र गुन्हा असेल तर त्याच्यासारखे दुसरेही गुन्हा, मग तिसरेही, आणि मग नासपती काढणारा प्रत्येक जण गुन्हेगार, असा त्याचा युक्तिवाद होता. शिक्षा व्हायची ती झालीच, सहा महिने तुरुंग आणि दोन हजार फ्रँक दंड. पण नासपती मात्र राजाला कायमची चिकटली आणि इतर व्यंगचित्रकारांनीही ती उचलली.

कोरा_कागद यांना याचा थेट उपयोग असा की त्या चार रेखाटनांत माणूस आणि वस्तू यांच्यामधले टप्पे आहेत. माणूस कुठपर्यंत माणूस ठेवायचा आणि कुठे झाड करायचा, हे एकदम ठरवू नका. एका टोकाला पूर्ण माणूस, दुसऱ्या टोकाला पूर्ण झाड, आणि मधले सगळे टप्पे लहान लहान रेखाटनांत काढा. योग्य टप्पा पाहिल्यावरच ओळखू येतो.

तिसरी_मिती

निळीशाई यांची सूचना उत्तम आहे. प्रक्रिया दाखवणारा कागद म्हणूनही हे टप्पे आपोआप तयार होतील.

कोरा_कागद

टप्पे काढले. माणसांच्या हातांच्या फांद्या केल्या की परीकथा वाटते. पायांची मुळे केली की चित्राचा अर्थच उलटतो, कारण मूळ नसणे हा माझा मुद्दा आहे आणि मी माणसांनाच मुळे देऊन बसते. शेवटी माणसे पूर्ण माणसेच ठेवली, फक्त खोडांसारखी ताठ, जवळजवळ उभी आणि हात शरीराला चिकटवलेले. वेल त्यांच्या गळ्यांभोवती वेढे घेत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. चेहरे संतप्त काढावेत की घाबरलेले?

छायाप्रकाश

दोन्ही नकोत. तुमच्याच यादीत आहे की प्रत्येकाला वाटते आपला काही हात नाही. तेव्हा चेहरे नेहमीचे, बोलताना असतात तसे, थोडे उत्सुकही चालतील. वेल गळ्याभोवती असताना त्यांना ती जाणवत नाही, इथेच चित्राची धार आहे.

दुसरी गोष्ट वगळण्याची. स्पॅनिश चित्रकार गोयाने १७९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऐंशी छापचित्रांच्या मालिकेतले त्रेचाळिसावे चित्र सर्वांना माहीत असेल : मेजावर डोके टेकून झोपलेला माणूस आणि त्याच्यामागे अंधारातून उठणारी घुबडे व वटवाघळे. त्याची पूर्वतयारीची रेखाटने माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. आधीच्या रेखाटनात झोपलेल्याच्या वर गोयाचा स्वतःचा चेहरा आणि इतर आकृत्यांची दाटी आहे. अंतिम छापचित्रात तो चेहरा गेला आहे आणि वरची एक बाजू अंधारासाठी मोकळी झाली आहे. झोपलेल्याचा चेहराही दिसत नाही, तो हातांत लपलेला आहे. मालिकेतले ते चित्र लक्षात राहते त्याचे बरेचसे श्रेय या मोकळ्या अंधाराला आहे, असे माझे मत आहे.

पिकासोच्या 'गेर्निका' या युद्धविरोधी चित्राचेही तेच. १९३७ मध्ये ते चित्र होत असताना छायाचित्रकार डोरा मार यांनी त्याच्या अवस्थांची छायाचित्रे घेतली, म्हणून आपल्याला माहीत आहे की सुरुवातीच्या अवस्थेत एक उंचावलेला हात आणि आवळलेली मूठ मध्यभागी होती. प्रतीक म्हणून ती ठळक होती आणि अर्थही पटकन सांगत होती. तरी पिकासोने ती काढून टाकली. चित्रात जे आपोआप समजते त्याच्याकडे सर्वांत आधी संशयाने पाहावे, हे मी त्या छायाचित्रांवरून शिकलो.

तुमच्या चित्रात कान, तोंड आणि त्यांच्यातून जाणारी वेल अजून आहे का? असेल तर काढून टाका.

कोरा_कागद

आहे. पण तेही काढले तर हे बोलण्याविषयी आहे हे कळेल कसे?

छायाप्रकाश

माणसांच्या उभे राहण्यावरून. एक जण दुसऱ्याकडे झुकलेला, दुसऱ्याने मान किंचित कललेली, एकाचा तळवा तोंडाच्या बाजूला आडवा धरलेला. कुजबूज शरीराने दाखवता येते, मग वेलीला कानात शिरायची गरज उरत नाही आणि ती अमरवेलीसारखी गळ्याशी राहू शकते.

शाईदौत

इथे मात्र मला पुन्हा हरकत घ्यावी लागेल. अमरवेल माहीत नसलेल्या माणसाला हे चित्र काय सांगेल? गळ्याभोवती पिवळी दोरी म्हणजे फास, किंवा विजेची तार. 'अफवेने लोकांचा गळा आवळला' असा अर्थ निघेल, आणि तो कोणालाही सुचेल असा आहे. ज्या वनस्पतिशास्त्रामुळे हे रूपक वेगळे झाले, ते चित्रात कुठे आहे? रानवाट यांचे टिपण प्रत्येक प्रेक्षकाच्या हाती देता येणार नाही.

रानवाट

शाईदौत यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बहुधा वेलीच्या आतल्या बाजूला आहे. अमरवेलीचा वेढा हलक्या हाताने सोडवायला गेलात तर तो दोरीसारखा सुटत नाही. खोडाला टेकलेल्या बाजूवर ओळीने बारीक उंचवटे असतात, ती तिची चूषक मुळे. ती खोडाची साल भेदून आत यजमानाच्या अन्न-पाणी वाहणाऱ्या नलिकांपर्यंत जातात. वेढा ओढला की ती खोडातून उपटली जातात आणि खोडावर बारीक ठिपक्यांची रांग उरते. भिंगातून पाहिले तर वेलीचा पिवळा रंग आणि खोडाचा हिरवा रंग यांच्यामध्ये फट दिसत नाही. दोन्ही ऊती एकमेकींत शिरलेल्या असतात.

दोरी बाहेरून आवळते. अमरवेल आतून पिते. हा फरक तुम्हाला रेषेत दाखवता आला तर फास वाटणार नाही, असे मला वाटते.

अर्धवर्तुळ

प्रेक्षकाला वनस्पतीचे नाव माहीत असणे आवश्यक नाही, पण चित्रकाराला ती वनस्पती नीट माहीत असणे आवश्यक आहे. रानवाट यांनी सांगितलेली उंचवट्यांची रांग गळ्यावर काढली की नाव माहीत नसलेल्यालाही 'हे चिकटलेले आहे, हे आत गेलेले आहे' एवढे कळेल, आणि रूपकाला तेवढे पुरे आहे.

कोरा_कागद

दोन दिवस गळ्याचा भागच मोठ्या आकारात काढत होते. वेल जिथे कातडीला टेकते तिथली बाह्यरेषा तोडून टाकली. वेलीची रेषा आणि मानेची रेषा एकमेकींत मिसळतात. टेकलेल्या बाजूला बारीक उंचवटे, आणि एका माणसाच्या मानेवरून वेढा थोडा सुटलेला, तिथे ठिपक्यांची रांग. माणसांच्या शरीरांवर डावीकडून उजवीकडे जाताना शाईच्या आडव्या रेषा विरळ करत नेल्या आहेत, म्हणजे ज्यांच्यावर वेल जास्त वाढली आहे ती माणसे फिकट होत जातात. चित्राच्या तळाशी जमिनीची पट्टी ठेवली आहे आणि ती पूर्ण मोकळी आहे. वेल तिला कुठेच टेकत नाही. डावीकडे वेल चौकटीबाहेरून येते आणि उजवीकडे चौकटीबाहेर जाते.

या वेळी उत्तरे बदलली. एकाने 'हे काहीतरी त्यांना पिऊन टाकते आहे आणि ते गप्पा मारत बसले आहेत' असे सांगितले. दुसऱ्याने लगेच विचारले, 'याची सुरुवात कुठे आहे?' आणि बोटाने वेल मागे मागे शोधत कडेपर्यंत गेला. 'अफवा' हा शब्द मात्र दोघांपैकी कोणीही उच्चारला नाही. शीर्षक द्यावे लागेल का?

पाटी_पेन्सिल

मी चित्रकला शिकवते आणि अशी कामे तपासते, म्हणून या टप्प्यावर लिहिते आहे. प्रेक्षकाने विषयाचा नेमका शब्द सांगितलाच पाहिजे असा आग्रह धरू नका. 'काय समजले?' असे विचारले की लोक परीक्षेत बसल्यासारखे एकच शब्द शोधू लागतात. आधी 'काय दिसते?' विचारा आणि ते बोलत असताना त्यांची नजर कुठून कुठे जाते ते पाहा. तुमचा दुसरा प्रेक्षक उगम शोधत कडेपर्यंत गेला आणि तिथे त्याला काही मिळाले नाही. तुम्ही यादीत लिहिलेले पहिले वाक्य त्याने बोटाने वाचले. यापेक्षा अधिक पसंती मी तरी मागणार नाही.

शीर्षकाबद्दल : 'अफवा' असे खाली लिहिले तर चित्र त्या शब्दाचे उदाहरण होईल. 'अमरवेल' असे लिहिले तर वनस्पतीचे नाव माहीत असलेल्यांना जास्त मिळेल आणि इतरांचे काही बिघडणार नाही. तुमच्या वर्गात विषय सर्वांना ठाऊकच आहे, त्यामुळे दुसरे चांगले.

आणि प्रक्रियेची रेखाटने देताना फक्त यशस्वी रेखाटने लावू नका. तोंडातून निघणारी पहिली वेल, फांद्या झालेले हात, मुळे झालेले पाय ही सगळी लावा आणि प्रत्येकाखाली ते का सोडले याचे एक वाक्य लिहा. तपासणाऱ्याला निर्णय पाहायचे असतात. पायांना मुळे का नकोत हे तुम्ही वर एका वाक्यात लिहिले आहे, तेच तिथे उतरवा.

शाईदौत

वेल चौकटीबाहेरून येते हा निर्णय फार आवडला. माझी हरकत मागे घेतो. फक्त डावीकडची कड नीट पाहा. वेल बरोबर मधोमध कापली गेली तर ती कागद संपला म्हणून कापल्यासारखी वाटेल. कडेशी तिचे दोन-तीन फाटे असू द्या, म्हणजे बाहेरही ती एकटी नाही असे दिसेल.

कोरा_कागद

फाटे काढते. शेवटचा प्रश्न रंगाचा. संपूर्ण चित्र काळ्या शाईत आणि राखाडी वॉशमध्ये (पाण्याने पातळ केलेल्या रंगाच्या थरात) ठेवून फक्त वेल पिवळी करायची आहे. सरावाच्या कागदावर राखाडीवर पिवळा जलरंग दिला तर तो हिरवट आणि मळकट झाला.

निळीशाई

होणारच. पारदर्शक पिवळ्याखाली काळ्यापासून केलेला राखाडी असेल तर तो हिरव्याकडे झुकतो, आणि हिरवी झाली की ती अमरवेल राहणार नाही. दोन मार्ग आहेत. एक, वेलीवर गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरा; पण मग जिथे वेल आणि मान एकमेकींत मिसळतात ती तुमची सर्वांत महत्त्वाची जागा जाड थराखाली झाकली जाईल. दुसरा मार्ग मला योग्य वाटतो : वॉश देण्याआधी वेलीची जागा मास्किंग फ्लुइडने (वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने) राखून ठेवा, राखाडी वॉश द्या, वाळल्यावर मास्किंग काढा आणि कोऱ्या पांढऱ्यावर स्वच्छ पिवळा भरा. शाई पाण्याने न फुटणारी आहे ना, हे आधी तपासा. मास्किंगसाठी जुना ब्रश घ्या आणि बुडवण्याआधी त्याला साबण चोळा, नाहीतर केस कायमचे चिकटतील.

कोरा_कागद

मास्किंग काढताना कागदाचा पापुद्रा निघण्याची भीती वाटते. मानेवरचे उंचवटे फार बारीक आहेत.

निळीशाई

पापुद्रा निघतो तो बहुतेकदा कागद ओला असताना घाई केल्याने, किंवा मास्किंग अनेक दिवस तसेच ठेवल्याने. गरम हवेने वाळवू नका, उष्णतेने ते कागदात धरते. वॉश पूर्ण वाळू द्या, कागदाला हाताची पाठ लावून थंडावा लागत नाही ना ते पाहा आणि त्याच दिवशी स्वच्छ बोटाने हळूहळू चोळत काढा. अंतिम चित्राच्याच कागदाच्या एका कापलेल्या तुकड्यावर आधी करून पाहा. आणि उंचवट्यांना मास्किंग लावूच नका. ते वेल पिवळी झाल्यावर बारीक निबने शाईत काढा.